जेमीला आवाज मिळाला

महोदय,

नभोनाट्यांवर वाढलेल्या माझ्या पिढीला कानांनी बघायची सवय आहे. नातवाच्या हेडफोनवर ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतलं २००४ चं एक श्राव्यनाट्य ऐकलं. मालिकेचा नायक, कालप्रवासी ‘डॉक्टर’, स्कॉटलंडच्या जुन्या एडिनबरात उतरतो आणि गाठ पडते बर्क-हेअर या इतिहासातल्या खऱ्या खुनी जोडगोळीशी.

यांना सर्रास प्रेतचोर म्हणतात, पण थडगी उकरायचे कष्ट त्यांनी घेतलेच नाहीत. भाडं थकवून वारलेल्या भाडेकरूचं प्रेत साडेसात पौंडांना खपलं आणि चटक लागली. पुढे वर्षभरात सोळा खून! गिऱ्हाईक एकच, प्रेतांचं विच्छेदन करून शरीरशास्त्र शिकवणारे डॉ. रॉबर्ट नॉक्स. गावभर भटकणारा भोळा जेमी बळी पडून नॉक्सच्या टेबलावर आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं. नॉक्स मात्र ‘हा तो नव्हेच’ म्हणत राहिले.

नाटकात या जेमीला अभिनेता डेव्हिड टेनंटचा आवाज आहे, तोही तो स्वतः पडद्यावर ‘डॉक्टर’ होण्याआधीचा. त्या आवाजाने मला झोप लागली नाही. तक्रार एवढीच, की नॉक्सभोवती विज्ञानकथेचं कारस्थान रचल्यामुळे खरे नॉक्स फार स्वस्तात सुटतात. तसे ते खरोखरही सुटलेच म्हणा. हेअर माफीचा साक्षीदार झाला. फासावर गेला एकटा बर्क, १८२९ मध्ये. त्याचा सांगाडा आजही एडिनबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे.

– एक जुना श्रोता, डोंबिवली