केमोच्या वॉर्डात आठवड्याचे बारा तास हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. केमोसाठी ज्यांनी मुंबईच्या फेऱ्या केल्या आहेत त्यांना त्याचं मोल सांगायला नको. पण अशा केंद्राची चर्चा निघाली की खुर्च्या, पंप आणि औषधं यांचाच हिशेब होतो. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनाचं काय, हा प्रश्न ‘समुपदेशक नेमू’ या एका वाक्यात निकालात निघतो. नाशिकच्या कर्करोग विभागातल्या आम्हा परिचारिकांचं म्हणणं असं की हे काम वॉर्डातल्या सिस्टरच करू शकतात. मात्र त्यासाठी त्यांचे तास राखून ठेवायला हवेत.

जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा पाहिला तर कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या दर सहा-सात जणांमागे एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य असतं. ‘कॅन्सर म्हटल्यावर माणूस खचणारच’ असं म्हणून ते सोडून दिलं जातं. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य असलेले 500 कॅन्सर रुग्ण त्यात होते. निम्म्या रुग्णांच्या डॉक्टरांना निदान कळवून ‘नेहमीप्रमाणे उपचार करा’ एवढंच सांगितलं. उरलेल्यांना कॅन्सरच्याच परिचारिकांनी चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा बैठका दिल्या, मागे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख होती. 24 आठवड्यांनी दुसऱ्या गटात 62 टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली होती. पहिल्या गटात 17 टक्के. म्हणजे डॉक्टरच्या कानावर घालून भागत नाही. पाठपुरावा कोण करतं, यावर सगळं ठरतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. दोन प्रश्नांनी सुरुवात करायची: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं? अजिबात नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळपास रोज 3. बेरीज 3 किंवा जास्त आली की नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली, पीएचक्यू-9, घ्यायची. तिचे गुण 27पर्यंत जातात. 10 किंवा जास्त आले की बैठका सुरू करायच्या, 20 किंवा जास्त आले की मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवायचं.

ऐकायला सोपं, पण चुका इथेच होतात. पहिली चूक वेळेची. केमोआधी एव्हिल (ॲलर्जी टाळणारं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) दिलं की एव्हिलने रुग्ण पेंगतो आणि सगळ्याला ‘हो’ म्हणतो. प्रश्न त्याआधी, वजन-बीपी घेतानाच उरकावेत. दुसरी चूक, सोबतच्या नातेवाइकासमोर विचारणं. ‘नाही नाही, आमची आई एकदम स्ट्राँग आहे,’ असं मुलगाच उत्तर देतो आणि आई मान डोलावते. मुलाला औषधं आणायला खाली पाठवायचं, पडदा ओढायचा, स्टुलावर बसून विचारायचं. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्याउभ्याच उत्तर मिळतं. तिसरी चूक भाषेची. ‘नैराश्य’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘डोकं जड झालंय’ असंच ऐकू येतं. बागलाणकडचा रुग्ण अहिराणीत बोलतो, सुरगाण्याचा आदिवासींच्या कोकणा बोलीत. कार्डावरची छापील मराठी वाचून दाखवली की त्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं. ‘दोन आठवडे’ म्हणण्यापेक्षा ‘दोन बाजार गेले, तेवढ्यात’ असं विचारलं तर आठवायला सोपं जातं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्याला बोलता येत नाही. त्याला बोटं दाखवायला सांगावं, बंद मूठ शून्य, तीन बोटं म्हणजे रोज.

गुणांवर आंधळा भरवसाही नको. थकवा, भूक मरणं, झोप उडणं हे केमोनेही होतं, डेक्सामुळेही झोप जाते. मुख्यतः त्यामुळेच बेरीज 10 झाली असेल आणि नातवाला पाहून माणूस हसत असेल, तर आधी हिमोग्लोबिन पाहा, दुखणं किती आहे ते विचारा. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड तपासा. एखादा माणूस अचानक गप्प, सुस्त झाला, तारीख-वार चुकू लागला, तर ते नैराश्य नसून डिलिरियम (आजाराने किंवा औषधाने अचानक होणारा बुद्धिभ्रम) असू शकतं, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवं. उलट ‘मी घरादाराला ओझं झालोय’ हे वाक्य कानावर आलं तर बेरीज 8 असली तरी सोडू नये.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पुष्कळ सिस्टर तो गाळतात किंवा ‘असं काही नाही ना?’ असा उलटा विचारतात. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ‘हो’ आलं की रुग्णाला एकटं सोडायचं नाही, तज्ज्ञाला लगेच बोलवायचं. बोलणं आपल्यातच राहील, पण जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट करायचं. द्राक्षपट्ट्यातल्या घरात फवारणीची औषधं शेडमध्ये उघडी पडलेली असतात. ती, तसंच झोपेच्या आणि मॉर्फिनच्या गोळ्या, कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून द्यावा.

बैठकीत करायचं काय? धीर देणं हे त्यातलं फार थोडं काम. ‘पॉझिटिव्ह राहा, देवावर सोडा’ म्हटलं की रुग्ण बोलायचा थांबतो. पहिल्या बैठकीत, साधारण पाऊण तासात, त्याचं ऐकायचं आणि सांगायचं की हाही आजारच आहे, मनाचा कमकुवतपणा नाही. पुढच्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठकांत दोनच गोष्टी. एक, दिवसाला एक छोटं ठरलेलं काम. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या बाईला ‘फिरायला जा’ म्हणून उपयोग नाही. सकाळी नऊला ओट्यावर यायचं, मेथीची अर्धी जुडी निवडायची, झालं की कागदावर फुली मारायची. केमोनंतरचे चार-पाच दिवस काहीच ठेवायचं नाही, तिसऱ्या आठवड्यात जास्त ठेवायचं. नाहीतर हातून होत नाही आणि त्याचाच अपराधी भाव वाढतो.

दुसरी गोष्ट, एकावेळी एकच अडचण सोडवायची. ‘माझं कसं होणार?’ ही अडचण नाही. ‘दर एकवीस दिवसांनी दोघांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी’ ही आहे. मग उपाय मांडायचे: एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत असते, तिच्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी अडली असेल तर रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटायचं. त्यातला एक उपाय रुग्णाने निवडायचा, पुढच्या बैठकीत विचारायचं झालं का. झालं नसेल तर उपाय चुकला, रुग्ण नाही.

गोळ्या लिहायचं काम सिस्टरचं नाही, पण त्या चालू राहतील हे पाहायचं काम तिचंच. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, उलटी-मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते, म्हणून रुग्ण आठव्या दिवशी ती फेकून देतो. हे आधी सांगितलं तर टळतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी घेणाऱ्या बाईला दुसऱ्या दवाखान्यात नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन लिहून मिळालं असेल, तर त्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरातलं काम अडतं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहणारं माणूस बऱ्याचदा सिस्टरच असते.

दोन केमोंच्या मध्ये, साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी, एक फोन. त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, माणूस सगळ्यात गळालेला असतो. तापाबद्दलही त्याच फोनवर विचारून होतं. नंबर मात्र रुग्णाचा स्वतःचा हवा, किंवा कोणत्या वेळी फोन त्याच्या हातात असतो ते विचारून ठेवावं. आणि शेवटची केमो झाली की हे बंद करायचं नाही. सगळे ‘सुटलास’ म्हणतात तेव्हाच तो एकटा पडतो.

आता तासांचा हिशेब. शंभर रुग्ण उपचारात असतील तर पंधराएक जणांना बैठका लागतील. प्रत्येकी दहा बैठका, चाळीस मिनिटांच्या, म्हणजे चार महिन्यांत शंभर तास, आठवड्याला सहा. फोन, नोंदी आणि तज्ज्ञासोबतचा साप्ताहिक आढावा धरून बारा. यासाठी नवं पद नको. दोन सिस्टरांना प्रशिक्षण द्या (दोन यासाठी की एक रजेवर जाणारच), त्यांना डे-केअरमधून किमान एक वर्ष हलवू नका आणि हे बारा तास ड्युटी चार्टवर छापून ठेवा. नाहीतर काय होतं ते वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तीन महिन्यांत बदली, नव्या सिस्टरला फक्त रजिस्टर मिळतं आणि रजिस्टरात सगळ्यांचे गुण शून्य. त्यात सिंहस्थ तोंडावर आहे. ड्युट्या तिकडे लागतील तेव्हा पहिली कात्री याच तासांना लागेल. प्रशिक्षणासाठी लांब जायला नको, आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. आणि आठवड्याच्या आढाव्याला बसणारा मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून द्यावा. तो मिळणार नसेल तर पीएचक्यू घेणं सुरूच करू नये. विचारून ठेवायचं आणि पुढे काही करायचं नाही, हे न विचारण्याहून वाईट.

– कर्करोग विभागात काम करणाऱ्या काही परिचारिका, नाशिक