बावखलाच्या सहीबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलले असते तर बाबा चिडले असते आणि मी रडले असते, म्हणून लिहितेय. बावखल, आपलं घरचं तळं, बुजवून बिल्डरला द्यायच्या कागदावर मी सही करणार नाहीये, दादाला कळवलंय तसं. तुमच्यावर राग नाही हो, अजिबात नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आणि लिफ्टवाला फ्लॅट, यासाठीच तुम्ही हो म्हणालात ना, कळतं मला.

पण बाबा, आपल्या वसईत एवढ्या विहिरी खाऱ्या झाल्या आणि आपली अजून गोडी आहे ती या बावखलामुळेच. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. समुद्राच्या पातळीच्या वर 1 फूट गोडं पाणी असलं की ते खाली साधारण 40 फुटांपर्यंत खाऱ्याला दाबून धरतं, म्हणजे वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालून खारं केवढं चढेल बघा, मग केळी नाही की पानवेल नाही, आपलीच नाही, शेजारच्यांचीही.

तुम्ही म्हणता, बायबलात देवाने माणसाला सृष्टीवर सत्ता दिलीय. दिलीय, पण पुढच्याच अध्यायात एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलंय त्याला. आणि लेवीय 25:23 मध्ये देव स्वतः सांगतो की जमीन माझी आहे, कायमची विकू नका, तुम्ही इथे पाहुणे. पोप फ्रान्सिसनी 2015 च्या लाउदातो सी या सृष्टीच्या राखणीवरच्या पत्रात हेच वचन घेतलंय. रोज संध्याकाळी रोझरी म्हणायची आणि त्याने राखायला दिलेलं पाणी मातीने भरायचं, हे मला नाही जमणार गं आई. बावखलाच्या त्याच पायरीवर तू माझे पाय घासायचीस, आणि ओंजळीतली बेडकाची पिल्लं मी पाण्यात सोडेपर्यंत थांबायचीस, कितीही उशीर झाला तरी.

ऑपरेशनचे पैसे मी बाजूला काढलेत, खरंच, काळजी नको. खालच्या खोलीत कमोड बसवायला प्लंबरला सांगितलंय, पलंगही खालीच आणायचा, म्हणजे जिना नकोच.

बाबा, मिस्साला रिक्षानेच जायचं, चालत नाही. आई, बीपीची गोळी सकाळीच घे आणि सुकी मासळी रोज नको, मीठ असतं त्यात. बिल्डरचा माणूस आला तर चहा द्या, वाद घालू नका, टोकन घेतलंय ते मी परत करेन, त्याला सरळ माझा नंबर द्या.

तुमची,
बाय