करंटची काळजी करू नका

बाथ, इंग्लंड
४ जानेवारी

ती. आई-आप्पांस साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर आप्पा दोन मिनिटांत आईकडे देतात, आईचा आवाज भरून येतो आणि सांगायचं राहून जातं. मी बरी आहे. थंडी आहे, पण खोली उबदार आहे. शेंगाचटणी पुरवून पुरवून खाते.

आप्पा, वायरिंगच्या कामात मला करंट लागेल अशी काळजी करता, तर अर्धे दिवस माझे ड्रॉइंगवरच जातात. साइटवर लाइन बंद केली की स्विचला कुलूप लागतं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. मग टेस्टर आधी चालू लाइनवर बघायचा, मग बंद केलेल्या, मग पुन्हा चालू. मिलमध्ये तुम्ही होल्डरातल्या दिव्यानं हेच करायचात. इथे शिकवलं तेव्हा मला ते आधीच येत होतं. तुमचं नाव सांगितलं मी सगळ्यांना.

सध्या ज्या घराचं वायरिंग नवं करतोय ते अडीचशे वर्षांचं आहे, सरकारच्या जपायच्या इमारतींच्या यादीत ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग. परवानगीशिवाय भिंतीला खाच मारली तर गुन्हाच. म्हणून जमिनीच्या फळ्या नंबर टाकून उचलतो, नवी केबल जुन्या वायरच्या वाटेनं नेतो, नाहीतर बंद धुराड्यातून वर चढवतो. जुन्या वायरीवरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडतं. विंडसरच्या राजवाड्यात १९९२ साली एका दिव्याच्या उष्णतेनं पडदा पेटला, दुरुस्तीला पाच वर्षं लागली. म्हणून फायर अलार्मच्या ड्रॉइंगवर मी दोनदा नजर फिरवते.

आई, तुला एक गंमत सांगते. इथे बाथरूममध्ये बटणच नसतं. छतातून एक दोरी लोंबते. एकदा ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की जातो. पहिल्या रात्री मी अंधारात चारही भिंती चाचपल्या. कारण असं, की ओला हात स्विचला लागू नये. स्विच वर छताला, हातात फक्त दोरी. साधा प्लगही आत नाही, केस वाळवायचे तर खोलीत यायचं. दाढीच्या मशीनला तेवढा एक प्लग असतो, पण त्याच्यामागे वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे चुकून एका तारेला हात लागला तरी करंट अंगातून जमिनीत जात नाही. मी स्वतः असे कितीतरी बसवून घेतलेत.

आणि आपल्या मोरीत तू बादलीत रॉड सोडून पाणी तापवतेस. परवा दोरी ओढताना तेच डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्यांच्या वाड्यांच्या वायरी मी नव्या करते आणि आपल्या घरात अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज गेला की आप्पा या वयात स्टुलावर चढतात. मी तिथे असते तर चार दिवसांचं काम होतं.

८०,००० रुपये पाठवलेत. निम्मे दादाच्या मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सचे, निम्मे वायरिंगचे. वायरिंगचे पैसे लग्नात घालू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, अर्थिंग नवीन करा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, नळ आला की एक बादली तिथेही ओता.

लातूरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. चार्टर्ड इंजिनिअरचा इंटरव्ह्यू या वर्षी आहे, तेवढा होऊ द्या. मुलाला इथे यायचं आहे का, की मी परत यायचं, हे कोणी विचारलंच नाही, म्हणून गप्प होते. चिडले नव्हते.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, यंदाही येणं नाही. संमती कट्ट्यावर अक्षता टाकताना आई माझं नाव घेणार, ठाऊक आहे. घे. पण तो रॉड आज काढून माळ्यावर टाक, पाणी गॅसवर तापव. सिलिंडरचे मी देते.

तुमची,
छकुली