मॅडम, पिशवी जपून ठेवली होती

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही लॉ कॉलेजची पोरं घेऊन आमच्या पारावर आलात, तेव्हा मी मागे बसून तंबाखू मळत होतो. शहरातली माणसं येतात, फोटो काढतात, जातात. त्यातलंच हे, असं वाटलं. तुम्ही भाषण केलंच नाही. सोयाबीनची रिकामी पिशवी मागितलीत आणि तिच्यावरचा टॅग आम्हालाच वाचायला लावलात. लॉट नंबर, मुदत, उगवण किमान 70 टक्के. इतकी वर्षं पेरतोय, पण ती चिठ्ठी कधी वाचली नव्हती.

त्याच खरिपात माझं तीन एकर उगवलंच नाही. शेजारच्या रानात त्याच ओलीवर घरचं बी तरारलं होतं. दुकानदार म्हणाला, "खोल पडलं असंल." मी तुम्हाला फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न, "रान मोडलं नाही ना?" दुबार पेरणीची घाई होती, तरी पंचनाम्यापर्यंत थांबलो. तालुक्याच्या तक्रार समितीकडे लेखी अर्ज दिला. पक्कं बिल, टॅग, पिशव्या जवळ होत्या. पंचनाम्याला तुमची एक विद्यार्थिनी एसटीने आली. तिला तिफण आणि कुळव यांतला फरक कळेना (आमची म्हातारी अजून हसते), पण पंचनाम्याच्या कागदावर कोरी जागा दिसतेय तोवर तिने मला सही करू दिली नाही.

पुढे ग्राहक आयोगात कंपनीचा वकील म्हणाला, शेतकरी ग्राहकच नव्हे, आणि बियाण्याचा नमुना कुठंय? तुमच्या पोरांनी लिहून दिलेल्या अर्जात याचं उत्तर आधीच होतं: राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी, सर्वोच्च न्यायालय, 2012. शेतकरी ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्याकडे नमुना मागता येत नाही. बियाण्याला मोजलेले पैसे 5 लाखांच्या आत, म्हणून फी पण लागली नाही. एकच तक्रार आहे, मॅडम. अर्जाचा पहिला मसुदा इंग्रजीत होता. माझंच दुखणं मला वाचता येईना.

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. तसं तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून राग येत नाही.

पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क जपणाऱ्या 2001 च्या कायद्यातलं कलम 39 तुम्ही पारावर सांगितलंत: घरचं बी ठेवा, पेरा, वाटा, विका, फक्त ब्रँड लावून विकू नका. यंदा घरचं सोयाबीन राखलंय. परवा ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले होते, ब्याऐंशी उगवले. मृगात पोरांना घेऊन या, तिफण दाखवतो.

आपला,
लातूरकडचा एक शेतकरी