त्या सहीबद्दल

बर्लिन, रविवार दुपार

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "हिटलर आला तेव्हा तिथले पोलीस काय करत होते रे?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तू ते फौजदार म्हणून विचारत होतास. म्हणून हे पत्र.

इथल्या अलेक्झांडरप्लाट्झला एक मॉल आहे, मी नेहमी जातो. पूर्वी त्या जागी पोलीस मुख्यालय होतं, लाल विटांची अवाढव्य इमारत. १९२७ पासून तिथे बर्नहार्ड वाइस हे पोलीस उपाध्यक्ष होते. म्हणजे साहेबांच्या खालोखालचं पद. ज्यू घरातला, कायद्यात डॉक्टरेट केलेला, पहिल्या महायुद्धात आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला माणूस. नाझी गुंडांनाही कायदा लागू आहे, एवढंच ते म्हणत होते. गोबेल्सने त्यांना 'इसिडोर' म्हणायला सुरुवात केली. हे त्यांचं नावच नव्हे. ज्यू म्हणून हिणवायला चिकटवलेलं. वर्तमानपत्रात, सभेत, व्यंगचित्रात तेच. वाइस दरवेळी कोर्टात गेले आणि खटल्यामागून खटले जिंकले. तरी ते नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. त्यात १९२८ मध्ये गोबेल्स खासदार झाला आणि त्याला संसदेचं संरक्षण मिळालं.

आता मुख्य गोष्ट. त्यांना काढलं ते हिटलरने नव्हे. २० जुलै १९३२ ला, हिटलर यायच्या सहा महिने आधी, पंतप्रधान पापेनने राष्ट्रपतींचा वटहुकूम काढून प्रशियाचं, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचं सरकार बरखास्त केलं; बर्लिनचे पोलीस त्याच्याच हाताखाली होते. तीन दिवसांपूर्वी आल्टोनाच्या दंगलीत १८ माणसं मेली होती, ते निमित्त पुढे केलं. लष्कराचे लोक मुख्यालयात आले. पोलीस अध्यक्ष ग्रझेसिन्स्की, वाइस आणि गणवेशधारी दलाचे प्रमुख हाइमान्सबेर्ग या तिघांना अटक झाली. आता पदाचं काम करणार नाही, असं लिहून दिल्यावर सोडलं.

सुऱ्या, त्या सहीपाशी मी फार दिवस अडकलोय. आधी मला संताप यायचा. एवढं मोठं दल हाताखाली असताना सही कशी केली? पण समोर लष्कर होतं, शहरात बेकारांच्या झुंडी होत्या, आणि हातातला हुकूम कागदावर तरी कायदेशीर होता. ज्याने आयुष्यभर कायद्याचाच आधार घेतला, तो त्या कागदाशी कसा भांडणार?

पुढच्या जानेवारीत हिटलरचा सहकारी गोअरिंग याच्या हाती प्रशियाचं गृहखातं आलं, तेव्हा वरच्या जागांवर त्याला अडवणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. फेब्रुवारीत त्याने नाझी संघटनांतले हजारो लोक सहायक पोलीस म्हणून नेमले. काल ज्यांना पोलीस पकडत होते, तेच आज दंडाला पट्टा बांधून ठाण्यात. ७ एप्रिल १९३३ ला नोकरशाहीचा कायदा आला. त्याचं चौथं कलम असं, की पूर्वीचं राजकीय वागणं पाहता नव्या राज्याशी पूर्ण निष्ठेची खात्री वाटत नसेल, तर काढून टाका. तीन महिने पगार, मग तीन चतुर्थांश पेन्शन, तीही दहा वर्षं नोकरी झाली असेल तरच. नऊ वर्षं झालेल्या हवालदाराचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

वाइस प्रागमार्गे लंडनला निसटले. ऑगस्ट १९३३ मध्ये ज्या ३३ जणांचं नागरिकत्व पहिल्यांदा काढलं, त्या यादीत त्यांचं नाव होतं. २९ जुलै १९५१ ला ते लंडनमध्येच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना ७१ वर्षं पूर्ण झाली असती. आता मॉलपासून थोड्या अंतरावर त्यांच्या नावाचा लहानसा रस्ता आहे. जवळच ओटो ब्राउनच्या नावाचा मोठा रस्ता जातो. त्याच २० जुलैला पदावरून काढलेले प्रशियाचे मुख्यमंत्री ते.

आबांना हे पत्र वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना स्वतः वाचू देऊ नकोस. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे. वाइसच्या जागी ते असते तर त्या कागदावर सही केली असती का, एवढं विचार, आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं मला लिही.

तुझाच,
अव्या