हत्तीरोगाच्या गोळ्या संध्याकाळी द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या चौरास भागातला धानाचा शेतकरी. माझ्या मोठ्या आईचा डावा पाय हत्तीरोगाने गुडघ्याखाली सुजलेला आहे. तिच्या मापाची चप्पल कुठल्याच बाजारात मिळत नाही, म्हणून चुलतभाऊ पट्टा कापून दोरी लावून देतो. एके काळी रोवणीला तिचा हात गावात सर्वांत चपळ होता. आता बांधीत उतरायची सोय नाही. बोटांच्या बेचक्यात जरा भेग पडली की ताप भरतो, पाय लालबुंद होतो आणि आठवडाभर खाट सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी गावात रात्रीचं रक्त घेणारं पथक आलं होतं. जेवणं आटोपल्यावर, साडेआठनंतर, टॉर्च घेऊन ते घरोघरी फिरले. हत्तीरोग ज्या जंतामुळे होतो त्याची सूक्ष्म पिल्लं दिवसा दडून बसतात आणि रात्री रक्तात फिरतात, म्हणून काचेवर रक्त रात्रीच घ्यायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. जंताची वेळ सांभाळणारं तुमचं खातं गोळ्या देताना मजुराची वेळ का सांभाळत नाही, एवढंच विचारायला हे पत्र लिहितो आहे.

या जंतावरच्या गोळ्या गावात सगळ्यांना घरोघरी वाटतात, पण त्या येतात सकाळी दहा-अकराला. ऑगस्टची फेरी असेल तर रोवणी अजून उरकलेली नसते, फेब्रुवारीची असेल तर चणा-लाखोळी काढायला माणसं वावरात. घरी म्हातारी आणि लेकरं. डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या मुख्य औषधाच्या, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आणि सगळ्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या, हा नियम योग्य आहे. पण गिळणारा माणूसच घरी नसतो. मग पुडी कोनाड्यात राहते आणि वहीत खूण होते. आमच्या घरी अशा दोन पुड्या मी स्वतः पाहिल्या. आशाताईला दोष देणार नाही. तिला तेवढ्याच दिवसांत अख्खं गाव पुरं करायचं असतं.

साहेब, या रोगात गोळ्या घ्यायचा सुटलेला माणूस फार महाग पडतो. पाय सुजायला कित्येक वर्षं लागतात. तोवर तो धडधाकट दिसतो, आणि त्याला चावलेला क्यूलेक्स डास जंत शेजारच्या घरी नेतो. मोठा जंत शरीरात सहा-आठ वर्षं जगतो. म्हणून तर रोग नसलेल्यांनीही गोळ्या घ्यायच्या. निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात त्या जायला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात. वहीत नव्हे.

आणि मिरचीवर जाणाऱ्यांचं काय? धानाची चुरणी झाली की आमच्याकडच्या टोळ्या मिरची तोडायला तेलंगणात जातात. होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. फेब्रुवारीची फेरी त्यांच्या कुलूपबंद दारावरून निघून जाते. कोण कधी जाणार हे ग्रामपंचायतीला तोंडपाठ असतं. तिच्याकडून यादी घ्या, जाण्याआधी गोळ्या द्या. जमलं नाही तर परतल्यावर त्यांच्यासाठी वेगळी फेरी काढा.

संध्याकाळी सात ते नऊ, जेवणानंतर, दारातच गोळ्या द्याव्यात, ही माझी मुख्य मागणी. आशाताईसोबत एक माणूस द्या आणि रात्रीच्या कामाचे वेगळे पैसे द्या. त्या रात्री डॉक्टर गावातच थांबावा. गोळीनंतर एखाद्याला ताप किंवा चक्कर येते. बहुतेकदा ती रक्तातले जंत मरत असल्याची खूण असते, पण सांगायला कोणी नसेल तर ‘गोळी बाधली’ ही बातमी सकाळपर्यंत चार गावं फिरते आणि पुढच्या वर्षी दारं उघडत नाहीत. दोन वर्षांखालची लेकरं, गर्भवती बाया आणि खूप आजारी माणसं वगळायची असतात, तेही दारातच नीट विचारता येतं.

नाल्यांचं आम्हाला आमच्या ग्रामपंचायतीशीच भांडावं लागेल. हा डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. संडासच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधायला फार खर्च येत नाही. ती मी माझ्या घरी बांधली आहे.

ज्यांना रोग होऊन चुकला, त्यांनाही विसरू नका. मोठ्या आईला एका आरोग्यसेविकेने टब, मग, साबण आणि मलम देऊन पाय धुवायला, बोटांमधून कोरडा करायला आणि उशीवर ठेवायला शिकवलं. सूज गेली नाही, पण तापाच्या पाळ्या कमी झाल्या. याच रोगाने अंडवृद्धी झालेले पुरुष मात्र लाजेने धोतरात दुखणं लपवतात. त्यांचं ऑपरेशन होऊन ते पुन्हा कामाला लागू शकतात, हे त्यांना एखाद्या पुरुष कर्मचाऱ्याने बाजूला घेऊन सांगायला हवं.

देशातून हत्तीरोग घालवायची मुदत २०२७ ठरली आहे. पुढच्या फेरीचं वेळापत्रक काढताना त्यावर ‘सायंकाळी ७ ते ९’ एवढं लिहा. आमच्या गावात आशाताईसोबत टॉर्च धरून मी फिरेन.

आपला,
चौरासातला एक शेतकरी