पथकप्रमुखाची जागा उन्हात

महोदय,

सेंट जॉन ॲम्ब्युलन्स जेरुसलेमच्या ज्या ख्रिस्ती रुग्णसेवकांशी नाते सांगते, ते रुग्णाला ‘आमचे धनी’ म्हणत. खानदेशातल्या यात्रांत गणवेश घालून उभ्या राहणाऱ्या प्रथमोपचार पथकांच्या प्रमुखांनी हे मनावर घ्यावे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा वेळी दुपारी १२ ते ३ ची पाळी प्रमुखाने स्वतः घ्यावी. ओआरएसच्या पुड्याही त्यानेच मोजाव्यात. एक पुडी, एक लिटर पाणी. अर्ध्या लिटरात घोळली तर क्षार वाढतात.

माणूस बरळू लागला, अंग भाजू लागले, की १०८ ला फोन करून त्याला सावलीत आडवे करावे, अंग भिजवून वारा घालावा, मानेला व काखेत बर्फ लावावा. कांदा हुंगवण्यात वेळ जातो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी मुळीच नको, ते श्वासनलिकेत जाते.

हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलावा. दमला की दाब उथळ पडतो, पण नवखा ते कबूल करत नाही. प्रमुखाने आधी ‘दमलो, बदला’ म्हटले तरच पोरे म्हणतील.

— प्रथमोपचार प्रशिक्षक, भुसावळ